रस्ता सुरू झाल्याची चिठ्ठी

झोन ऑफिसातून सकाळी चिठ्ठ्या मिळतात.
त्या ऑटोच्या आरशामागे खोचतो,
भोंग्याची वायर बॅटरीला जोडतो,
माइकवर दोन टिचक्या मारतो
आणि गोळीबार चौकातून टिमकीकडे वळतो.

"सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की"
एवढं शुद्ध बोलणं माझ्या घरी कोणी ऐकलं नाही.
घरी मी म्हणतो, चहा मांड वं.

मारबतीच्या दिवशी हा रस्ता बंद राहील.
हे सांगायला भोंगा कायले पाहिजे?
पोरं आठ दिवसांपासून रस्त्यातच बसली आहेत,
बांबू, सुतळी, खळीचं घमेलं घेऊन,
आणि मलाच म्हणतात, काका, ऑटो मागे घ्या.

ड्रेनेजची चिठ्ठी जुनीच.
पिठाच्या गिरणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत,
पुढील आदेश येईपर्यंत.
पुढील आदेश मी अजून पाहिलेला नाही.
खड्ड्यात बेशरम उगवून तिला फुलंही आली.
प्रमिलाबाई बोकडे डोक्यावर धुणं घेऊन
त्यावरच्या फळीवरून जाते,
खाली न बघता.

घरकुलांच्या सोडतीची यादी मात्र मी हळू वाचतो.
तेव्हा गल्लीतले पावरलूम थांबतात.
असं एकदम शांत झालं
की मला माझाच आवाज परका वाटतो.
पौनीकर. निनावे. धकाते, दोन वेळा.
हेडाऊ आलं तेव्हा
मी पुढचं नाव वाचण्याआधी गिळलो थोडं.
दुसरेच कोणी हेडाऊ होते, तांडापेठेतले.
आवाज अडखळला नाही. सवयीचा गळा आहे.

आणि डेंग्यू.
परिसरात एक रुग्ण आढळला आहे, असं चिठ्ठीत होतं.
एक रुग्ण म्हणजे कोहाडांची रेणुका,
जी माझ्या भोंग्याच्या मागे मागे
"सूचित करण्यात येते" म्हणत पळायची.
मेयोत होती. प्लेटलेट बावीस हजार.
कूलर रिकामे करा, मी ओरडत होतो,
खस उन्हात वाळवा,
आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा,
आणि माझ्या खिडकीतल्या कूलरमध्ये
मे महिन्याचं पाणी तसंच होतं.

त्या रात्री टॉर्च घेऊन झाकण काढलं.
अळ्या वळवळत होत्या,
मी रोज वाचतो त्या वाक्यांतले
स्वल्पविराम जसे.
बायको म्हणाली, एवढ्या रात्री काय करून राहिले?
मी काही बोललो नाही. अंगणभर पाणी झालं.

मारबतीच्या दिवशी मला काम नसतं.
गर्दीत उभा होतो.
खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा,
लोक घसा फोडून ओरडत होते, घेऊन जा गे मारबत,
आणि रेणुकाचा बाप भिंतीला टेकून
एका कानात बोट घालून
दुसऱ्या कानाला फोन लावून उभा.
त्याच्या तोंडाकडे पाहायची हिंमत झाली नाही.

पाच दिवसांनी तो त्याच फळीवरून आला,
खांद्यावर पोरगी, हातात औषधाची पिशवी.
प्रमिलाबाई बादली ठेवून बाजूला झाली.
मला म्हणाली,
बंद झालेलं सारं सांगतं बा तू.
सुरू झालेलं कोन सांगते?

आरशामागे तशी चिठ्ठी नव्हती.
तशी चिठ्ठी कधी निघतच नाही.
मी माइकवर टिचकी मारली.
सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की
रेणुका घरी आली आहे.
प्लेटलेट एक लाख दहा हजार.
रस्ता अजून बंदच आहे,
तिला फळीवरून आणलं.

एवढं बोललो आणि अडलो.
शेवटी नेहमी "आदेशावरून" म्हणायचं असतं,
इथं कोणाचा आदेश?
माइक सुरूच राहिला.
गल्लीभर माझा श्वास ऐकू येत होता,
आणि मागच्या बाजूला कुठेतरी
कोणीतरी कूलर पालथा केल्याचा आवाज.