ल

भिंतीवरची ओल यंदा नकाशाच्याही खाली उतरली.
दुसरीत त्रेसष्ट मुलं, पुस्तकं अठरा,
एका पानावर साडेतीन डोकी.
उरलेलं अर्धं खिडकीतून खेचराकडे बघत असतं.

मोखोत्लोंगच्या या डोंगरात मे महिना म्हणजे थंडी.
मुलं घोंगड्या पांघरून येतात,
अक्षर म्हणताना तोंडातून वाफ निघते.
म म्हटलं की वाफ अडते,
स म्हटलं की लांब जाते.
मी आधी वाफेवरच शिकवते. फळा नंतर.

मंगळवारी जिल्ह्याहून न्ताते सेखोआने आले,
गळ्यात स्टॉपवॉच, हातात शब्दांची यादी.
एका मिनिटात किती शब्द, एवढंच मोजायचं होतं.
माणूस वाईट नव्हता. आधी बिस्किटं वाटली,
घड्याळ मांडीवर पालथं ठेवलं.

समोर बसला खोथात्सो.
सुट्टीत मामाची मेंढरं राखतो, एक्केचाळीस.
कानांवरच्या खाचा बघून सांगतो
ही कुणाची, ती कुणाची,
आणि ती तिसरी चोरून आणलेली, पण बोलू नका.

यादीतला पहिलाच शब्द: लिन्कू.
म्हणजे मेंढ्या.
आम्ही म्हणतो दिन्कू, लिहितो मात्र ल.
पुढे इ किंवा उ आला की आमचा ल द होतो.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
म्हणून मीही शिकवलं नव्हतं.
मला वाटायचं, दात येतात तसं येतं ते.

त्यानं बोट ठेवलं. ल. मग इ.
ओठ हलले. लि.
थांबला.
लिन्कू नावाचं काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं,
हाकललं नव्हतं, कुशीत घेऊन झोपला नव्हता.
जगात नसलेली गोष्ट
मोठ्या माणसासमोर कशी म्हणायची?

फार लांबलचक असतं मिनिट
गप्प मुलाशेजारी बसलं की.
न्ताते सेखोआनेंनी शून्य लिहिलं.
पेन उमटेना, दोनदा गिरवावं लागलं.

रात्री चुलीशी बसून
मी माझंच नाव कागदावर लिहिलं: मालिनेओ.
आईनं या नावानं मला कधीच बोलावलं नाही.
मादिनेओ, अशीच हाक यायची ओढ्यापलीकडून.
चाळीस वर्षं मी एक नाव लिहिते, दुसऱ्याला ओ देते.
अडखळले कशी नाही?

बुधवारी फळ्यावर तेच लिहिलं. वाचा.
मादिनेओ! सगळे ओरडले, न बघताच.
मग द कुठाय? दाखवा.
शोधाशोध झाली.
ह्लोंफो तर फळ्याच्या मागेही बघून आली.
शेवटी मागच्या कोपऱ्यातून खोथात्सो बोलला,
अगदी हळू, कालचं शून्य अजून घशात असल्यासारखा:
"ल ला थंडी वाजते, बाई.
इ जवळ आली की तो द पांघरतो."

त्या दिवशी गणित झालंच नाही.
मुलं दुकानापर्यंत धावली,
दारावरचं लुमेला बोटानं वाचलं: दुमेला!
आतून दुकानदार म्हणाला, दुमेला, काय हवंय?
काही नको, काही नको, आणि पळाली.

नोंदवहीतलं शून्य तसंच आहे.
खोडायचा अधिकार मला नाही.
पुढची तपासणी ऑक्टोबरात,
तोवर ह्ल आणि त्ल उरलेत,
पुस्तकं अठराच.

शाळा सुटताना तो दारात घुटमळला.
"हा ल असा कुणी केला?"
म्हटलं, फार पूर्वी, लांबच्या देशातल्या पाद्र्यांनी.
त्यांच्या कानांना तसं ऐकू आलं असेल.

घोंगडीची पिन लावत तो विचार करत राहिला.
"त्यांच्याकडे मेंढ्या नव्हत्या का?"