विषम ओळी, सम ओळी

अझीमोद्दीननं प्लेअरसोबतचं पुस्तक माझ्यापुढं टाकलं,
म्हणाला, बारावी झालायस ना, मराठीत करून दे.
पानाला पाच रुपये, चहा वेगळा.
उदगीरचं दुकान, शेजारी
दिवसभर पत्र्याच्या पेट्या ठोकणारा.

पहिल्याच पानावर अडलो.
प्रोग्रेसिव्ह स्कॅन. मी लिहिलं: पुरोगामी रेघा.
तो इतका हसला की सोल्डरिंगचा धूर नाकात गेला त्याच्या.
"मियाँ, मशीन है, सभा नई."
मग त्यानंच सांगितलं, हातातलं कथील तसंच धरून:
साध्या टीव्हीत चित्र एकदम येत नसतं.
आधी विषम ओळी, मग सम,
सेकंदाला पन्नास वेळा, अर्धं आणि अर्धं.
जुळवतो तो आपला डोळा.

हे मला लगेच कळलं.
आमच्या गल्लीत नळ असाच यायचा,
या आठवड्यात विषम घरनंबर, पुढल्या आठवड्यात सम,
आणि कागदावर गाव रोज पाणी प्यायचं.

पिवळी, लाल, पांढरी.
पिवळीत सगळं चित्र कोंबलेलं,
रंग आणि उजेड एकाच वायरीत दाटीवाटीनं,
म्हणून लाल लुगड्याचा रंग काठाबाहेर सांडतो.
कंपोनंटला तीन वायरी, रंगाला वेगळी वाट.
तसली भोकं असलेला टीव्ही तेव्हा
एका डॉक्टरकडंच होता.

लेटरबॉक्सला मी पत्रपेटी लिहिणार होतो.
त्याच दुपारी पद्मिनबाई आल्या,
देवणीकडच्या शाळेत खिचडी शिजवायच्या.
पिशवीत डीव्हीडी, स्नेहसंमेलनाची.
"बघ बरं बाळा, मी ह्याच्यात हाय का न्हाई.
समदे म्हंतेत हाय. मला तर दिसनाच."

लावली. पडदा भरून सरपंच, हार, पुन्हा सरपंच.
सेटिंग पॅन-स्कॅनवर होतं:
चित्र रुंद, टीव्ही चौकोनी,
तर मशीन दोन्ही बाजू छाटतं आणि मधलं ठेवतं.
मधे कोण, ते आधीच ठरलेलं असतं.

रिमोटनं लेटरबॉक्स केलं.
वर-खाली काळे पट्टे आले. माणसं बारीक झाली.
गिऱ्हाईकं ह्यावरूनच भांडायची, चित्र कापलंय म्हणून;
खरं तर कापलेलं तेव्हाच परत यायचं.
आणि डाव्या कडेला, मंडपाच्या बांबूला टेकून
पद्मिनबाई, हातात डाव,
ओठ हलतायत, स्टेजवरच्या पोरींबरोबर.

"थांबीव. थांबीव तिथं."
पॉज केलं. हात थरथरायला लागला:
एका अर्ध्यात डाव वर, एका अर्ध्यात खाली,
दोन वेगळे क्षण
एका चित्रात बसायला तयार नव्हते.
"मी अशी थरथरते व्हय?"
नाही बाई, ओळींचा खेळ आहे हा.
झूम केलं, चौपट.
चेहरा वाकळीसारखा ठिगळाठिगळाचा झाला.
त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मग ए-बी दाबलं: इथून तिथवर, परत इथून तिथवर.
नऊ सेकंदं.
किती वेळा पाहिलं, मोजलं नाही.
लाईट गेली. भारनियमन, साडेतीन ते साडेसात.
"गेलं?"
मी छातीठोक सांगितलं, रिझ्यूम आहे ह्याला,
थांबलं तिथूनच सुरू होतं.
पुस्तकात बारीक अक्षरात होतं, मी तोवर वाचलं नव्हतं:
वीजपुरवठा तुटल्यास आठवण पुसली जाते.

लाईट आली तेव्हा त्या एसटीनं गेल्या होत्या,
डिस्क मशीनच्या पोटातच.
पहिल्यापासून सरपंच, हार.
मी शोधून शोधून ती नऊ सेकंदं काढली.
"अब किसकू दिखाता?" अझीमोद्दीन शटर ओढत म्हणाला.

भाषांतर अकरा पानांचं झालं. पंचावन्न रुपये.
पुरोगामी रेघा त्यानं तशाच ठेवल्या, हसायला.
लेटरबॉक्सपुढं मी लिहिलं:
चित्र लहान होतं. कडेची माणसं दिसतात.
हा बिघाड नाही.