एक दात

शाळांना सुट्ट्या लागून चौथा दिवस.
नऊनंतर बॉनेटला हात लावता येणार नाही
म्हणून साडेपाचलाच जॅकवर घेतली इंडिका,
मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत, कडुनिंबाखाली.
पुढचं चाक काढून कूलरच्या स्टँडला टेकवलं.

गॅरेजवाला म्हणाला होता, साडेसात हजार, ताई, अन् तीन दिवस.
घाट रोडवरून मी बेल्ट घेतला, टेन्शनर घेतला.
दुकानदारानं विचारलं, मिस्तरी कोण हाय?
मी पक्कं बिल मागितलं.

बाबा खुर्ची घेऊन बसले, बनियनवरच.
एकोणतीस वर्षं मिलमध्ये पट्ट्यांखाली काढलेला माणूस:
छताला शाफ्ट, शाफ्टवरून चामड्याचे पट्टे,
एकेका मागाला एकेक.
"आमचा पट्टा घसरला तं राळ लावाचो,
काठीनं ढकलून चढवाचो, चालत्यावरच.
माग थांबे, कापड थांबे. बस."
ह्याला दात आहेत, बाबा.
"दात काऊन?"
वरचा व्हॉल्व्ह खाली येतो, तेव्हा खालचा पिस्टन
तिथून निघून गेलेला पाहिजे.
दात सरकले की दोघं एका जागी, एका वेळी.
बाबांनी सुपारी गालात फिरवली.
"मंग हा पट्टा नाही, भोंगा आहे.
पहिली पाळी निघाल्याबिगर
दुसरी गेटच्या आत नाही."

इडलीपात्राच्या खळग्यांत बोल्ट ठेवत गेले,
वरचे वरच्या ताटलीत, खालचे खालच्या.
पुलीचा बोल्ट मात्र हलेना.
पान्यात पाइप अडकवला, पाइपवर उभी राहिले,
सगळं वजन, डब्यासकट बायकांनी हसलेलं,
तेव्हा तो कटकन सुटला.
निमजेकाकू दुधाची पिशवी घेऊन थबकल्या.
"काऊन मंदे, पूर्ण गाडीच खोलून राह्यली का?"
बाबांनीच उत्तर दिलं, "पाळी बदलून राह्यली."

जुना बेल्ट हातात आला तर
उन्हाळ्यातल्या टाचेसारखा, भेगाच भेगा.
ह्याच्या भरवशावर मी वर्षभर
सहा पोरं शाळेत नेली अन् आणली,
रिंग रोडवर ट्रकांच्या मधून.
तो खाली ठेवला, नि जरा वेळ
काहीच केलं नाही.

खुणांवर नेलपॉलिश लावलं,
भाचीच्या लग्नातलं उरलेलं, गुलाबी.
नवा बेल्ट चढवला, ताण दिला,
अन् हातानं, पान्यानं, दोन पूर्ण फेरे.
वरची गुलाबी खूण जागेवर.
खालची एक दात पुढे.

ऊन भिंत उतरून माझ्या पाठीवर आलेलं.
एकच तर दात.
चालवून पाहू, असं तोंडात आलं,
आणि ओळखीचं वाटलं ते वाक्य:
ह्याच वाक्यावर मी एक संसार
नऊ वर्षं चालवला होता.
बाबा काही बोलले नाहीत.
पाण्याचा गडवा तेवढा पुढे सरकवला.

ताण सोडला. बेल्ट काढला.
पुन्हा चढवला, पुन्हा दोन फेरे.
मध्येच कुठे अडतंय का, ते मनगटाला कळतं.
अडलं नाही.

अकराला चावी फिरवली.
आधी खोकला, मग काळा धूर निमजेकाकूंच्या वाळवणावर,
मग तो जाडसर, एकसुरी डिझेलचा आवाज.
बाबांनी मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं,
मूठ कानाला, मिलमध्ये बेअरिंग ऐकायचे तसं.
बराच वेळ ऐकत राहिले.
एवढ्या वेळात ते माझं कधी ऐकत नसत.
"ठीक हाय," म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

कव्हरवर आतून तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले,
त्याच गुलाबी रंगानं.
शाळा जूनअखेर उघडेल.
सहाच्या सहा पोरं दप्तरांसकट कोंबली जातील
आणि मागच्या सीटवरचा आरुष विचारेल,
मावशी, तुझा एसी काऊन नाही चालत?