मठार

रोलाच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर,
आमच्या घराला एक खोली जास्तीची आहे.
चार फूट बाय सहा. खिडकी नाही.
मालकाच्या नकाशात तिचं नाव 'मोलकरीण'.
आमच्याकडे मोलकरीण नाही,
तिथे मायाळूचे सहा वेल राहतात.

बाहेर जुलै. शारजाचं ऊन
पार्किंगमधल्या गाड्यांवर ओतून वर उरलेलं,
आणि मी भिंतीआड विकतचा सूर्य टांगतोय.
'घरचं झालं थोडं,' कुंदा म्हणते,
'अन् व्याह्यानं धाडलं घोडं.'
म्हणते, आणि शिडी तीच धरते.

घोडं तापट निघालं.
पुस्तकात लिहिलंय, बाहेरची हवा ओढा, दिवा निववा.
थंड मुलखातलं पुस्तक ते.
इथे नळाच्या निळ्या खुणेतून कढत पाणी येतं,
आणि गार हवं असेल तर बंद गीझरमधलं घ्यायचं.
एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या छतांत डक्ट बसवले,
मॉलांच्या, बँकांच्या, एकदा ससाण्यांच्या दवाखान्याच्या.
आता स्वतःसाठी सहा इंची नळी:
हॉलमधला गारवा उचलायचा,
दिव्याच्या टाळूवरून न्यायचा,
न्हाणीघराच्या झरोक्यातून सोडून द्यायचा.
पंखा शेवटाला. हवा ढकलायची नसते, ओढायची असते.
वळण एकच. दुसरं वळण म्हणजे
पंख्याला चढायला आणखी एक जिना.

राहिली दिव्याची टोपी.
शफीककडून तीन आणल्या, ओरखडा न काढता परत करायच्या बोलीवर.
पहिली आरशासारखी, तिच्यात माझं टक्कलही उजळलं.
चौथ्या दिवशी एका पानावर
दिरहमाएवढा तपकिरी डाग, नेमका, गोल.
तिला एकच जागा दिसायची आणि ती तिथेच रागवायची.
दुसरी पांढऱ्या रंगाची, स्वभावाने गरीब.
उजेड भिंतींवर भटकत राहिला,
आणि वेलांनी माना उंच काढल्या,
बसची वाट बघणाऱ्यांसारख्या.

तिसरी खळग्याखळग्यांची.
हातात घेतली आणि बोटांनी ओळखली.
थोरले काका बंब मठारायचे.
ठोक्याशेजारी ठोका, अंगावर अंग चढू द्यायचं नाही.
मी सात वर्षांचा, समोर बसून मोजायचो,
चारशेनंतर माझे आकडे संपायचे, त्यांचे ठोके नाही.
ही मात्र यंत्राची. सगळे खळगे जुळे भाऊ.
काकांनी उलटी करून पाहिली असती
आणि काही न बोलता खाली ठेवली असती.

म्हणून वर्कशॉपमधला अॅल्युमिनियमचा तुकडा आणला,
कणकेच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरली
(वाळू तेवढी इथे कुणी मोजून देत नाही)
आणि शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, ठोकायला बसलो.
पहिले पन्नास ठोके लाजिरवाणे.
मग मनगटाला काहीतरी आठवलं, मला नाही.

सहाशेच्या आसपास दार वाजलं.
खालचे रमझी मास्तर, इजिप्तचे, झोपमोड झालेले.
काय चाललंय म्हणून आत आले ते थेट त्या खोलीत.
'मुलूखिया?'
नाही, मायाळू.
त्यांनी पान खुडलं, चोळलं, बोटांना आलेला बुळबुळीतपणा
नाकाशी नेला आणि हसले.
चुलत बहीण असेल, असं काहीतरी म्हणाले.

मी त्यांना तपासणी दाखवली:
पानांच्या उंचीवर पालथा हात धरायचा, तीसपर्यंत मोजायचं.
हाताला सोसलं तर पानाला सोसतं.
त्यांनी हात धरला. वाहिद, इत्नेन, तलाता.
मी मनात मराठीतून मोजत होतो,
माझे तीस आधी झाले.
त्यांनी हात काढला नाही.
नळीत पंखा घुमत होता,
एसीच्या पाण्याची बादली अर्धी भरली होती.

'अजून ठोकायचं राहिलंय?' जाताना विचारलं.
कड राहिली होती.
'पाचनंतर,' मास्तर म्हणाले,
आणि खुडलेलं पान खिशात घालून
झोपायला गेले.