वरची वाळू

मार्व्याच्या तरीत चढताना आईने माझा खांदा धरला
आणि गुडघ्याला शिवी दिली, हळूच, देव ऐकेल म्हणून.

पिशवीत बाबांचा निळा-पांढरा सुती झगा.
कागोशिमाचा. बोट दुरुस्तीला
एकोणीस दिवस उभी होती, तेव्हाचा.
बाबा फिटर. बोलणं मोजकं, नट आवळल्यासारखं.
त्या वाळूबद्दल सांगताना मात्र हातही बोलायचे:
काळी, ओली, खालून जमीनच उकळते,
बायका फावड्याने गळ्यापर्यंत झाकतात,
दहा मिनिटं,
बोटांच्या टोकांत काळीज वाजायला लागतं.
तुला नेईन, म्हणायचे.
माझगावच्या खोलीत मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून
तिचे गुडघे शेकायचे
आणि पुन्हा म्हणायचे, नेईन.

मनोरी. दुपारचे दोन.
चप्पल काढली तर तळवे उडाले.
माझ्या हातात लेकीचं प्लास्टिकचं फावडं, त्यावर बदक.
उकरलं. चार बोटांखाली वाळू गार.
शॅम्पूची पुडी, शिंपल्याचा तुकडा, पुन्हा गार वाळू.
इथे ऊन वरून येतं,
खाली कोणी जागं नाही.

बोंबील वाळत घालता घालता रोझाबाय बघत होती.
'आसं नाय रं. वरची वरची सारून घे.
खालची रातीची हाय.'
टोपली घेऊन आलीच.
तापलेली साय काढावी तशी वाळू ओढली,
आईच्या मांड्यांवर, गुडघ्यांवर ढीग,
वरून तळव्याने दाबलं.
ह्याला काय म्हणतात तुमच्यात, मी विचारलं.
'म्हनायचं काय? दुखतंय, घालायची.'

झगा घातलेली, कमरेपर्यंत गाडलेली आई
एकदम हसायला लागली.
'आपल्यात पुरत नाहीत रे.
ह्यांचं तर विद्युतदाहिनीत दीड तासात आटोपलं.'
'आमच्यात पुरतात,' रोझाबाय म्हणाली
आणि आणखी एक टोपली ओतली.

मग कोणी बोललं नाही.
एक कावळा बोंबलांच्या दोरीभोवती हिशेब करत राहिला.
मी मोबाइलवर दहा मिनिटं लावली होती, ती वाजली.
आई डोळे मिटून म्हणाली, थांब.
बोटांत आलंय.

परतताना झग्याला सुक्या मासळीचा वास.
धुवायचा नाही, तिने बजावलं.
तरीत चढताना गुडघा तसाच.
शिवी मात्र या खेपेला
सगळ्या तरीने ऐकली.