डाव्या टाचेची खूण

जुलै सरला की ही वेल मरते,
असं शहरातून आलेले म्हणतात.
पानं तीन-तीनच्या जुडीनं गळतात,
शेंगा पिळवटून फुटतात, दाणे उडवून मोकळ्या होतात,
आणि गुग्गुळाच्या काट्यांवर उरतो
एक करडा दोरा,
शिवता शिवता कुणी तरी सोडून दिलेला.

आम्ही तो दोरा धरून खाली जातो.

टिवा नदीत तेव्हा नुसती वाळू वाहते,
तीही वाऱ्यानं.
गाढवांच्या पाठीवर पिवळे कॅन रिकामे वाजतात.
बाजारातली चवळी आमच्या पैशांना पाहूनच हसते.
तेव्हा ही तिची रानातली बहीण,
जिला कुणी पेरलं नाही, कुंपण घातलं नाही,
तांबड्या मातीत हातभर खोल
पाणी धरून बसलेली असते.
साल दातांनी सोलायची.
आत पांढरं, करकरीत, किंचित गोड.
चोथा थुंकायचा, आणि मग
थोडा वेळ बोलता येतं.

आईला अशा सात वेली ठाऊक होत्या.
पत्ता विचारला तर सांगायची,
वीज पडलेल्या गोरखचिंचेपासून
बकरी ओरडली तर ऐकू येईल इतक्यावर.
आम्हा दोघींना शिकवलं तिनं, मला आणि कालेक्येला:
सगळा कंद काढायचा नाही,
मानेशी मूठभर ठेवायचा,
खड्डा बुजवायचा, डाव्या टाचेनं तीनदा दाबायचा,
वर काटेरी फांदी, बुंधा उगवतीकडे.
डावीच टाच का, विचारलं तर म्हणाली,
उजवी चालायला ठेवा.

ती गेली. मागे राहिलं
पायानं चालवायचं एक शिलाई मशीन,
दोन मुलींत एक.
मी म्हणाले, मी थोरली.
कालेक्ये म्हणाली, शेवटपर्यंत जवळ मी होते.
दोघी खरंच बोलत होतो, तिथंच बिनसलं.
मशीन माझ्याकडे आहे. सुई मोडलेली.
ती नदीपलीकडे, इकुथाच्या वाटेवर.
नऊ वर्षं.
तिला मुलगा झाला ते मला
मुसेम्बी दुकानदाराकडून कळलं,
साखर तोलता तोलता.

आज पाचव्या वेलीपाशी गेले.
कवाता मागून कुदळ ओढत.
दोरा धरला, वाकले,
तर माती नवी.
वर काटेरी फांदी.
बुंधा उगवतीकडे.
बोटांनी चाचपलं: तीन खळगे,
तिसरा जरा उथळ.
लहानपणापासून भेगाळलेली टाच तिची,
तिसऱ्यांदा दाबताना अंग चोरते.

"आई, कुणी चोरला?" कवातानं विचारलं.
चोर खड्डा बुजवत नाही, म्हटलं.

बाजूनं उकरलं. कंद होता.
अर्धा, मनगटाएवढा,
कापल्या जागी खपली धरलेला.
सुरी मी हातात घेतली
आणि नुसतीच घेऊन बसले.
नदीपलीकडून इथवर यायला
माझ्या दारावरून जाते तीच एक वाट.
म्हणजे ती गेली दारावरून,
तहानलेली,
एखादे वेळी मूल पाठीशी बांधून,
आणि माझ्या रांजणापेक्षा
तिनं इतकं खणणं पत्करलं.
किंवा दार बंद असेल.
मी दुपारी दार लावून घेते,
बकऱ्या आत येतात म्हणून.

कंद तसाच झाकला.
माती लोटली, फांदी फिरवून नीट ठेवली,
त्याआधी दाबली:
एकदा डाव्या टाचेनं,
दुसऱ्यांदा डाव्या,
तिसऱ्यांदा उजव्या.

कवाता म्हणाली, आई, पाय चुकला.
चल, म्हटलं, सहावी वेल लांब आहे,
ऊन चढतंय.