हा टू वेगळा

सावद्याच्या रस्त्याला, पॅकहाउसच्या पत्र्याखाली
कंटेनर गेला की मी मेल लिहायला बसते.
तेरा किलोच्या पेट्या पंधराशे चाळीस,
तापमान साडेतेरा,
चिकाचा डाग नाही, फोटो जोडलेत.
शेवटी एक ओळ लागते, सगळेच लिहितात ती:
लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.

सात महिने मी हिअरच लिहीत होते.
मस्कतचा माणूस कधी काही बोलला नाही.
केळी वेळेवर पिवळी झाली की झालं त्याचं.

फेगडे सर आले होते वजनाला,
पिलबागेचे घड घेऊन.
स्क्रीनपाशी वाकले, चष्मा कपाळावर.
"पोरी, हिअरिंग. आयएनजी लाव."
मी म्हटलं, सर, तुम्हीच शिकवलं,
टूनंतर क्रियापद उघडं, त्याला काही लावायचं नाही,
पट्टीनं शिकवलं होतं.
सर म्हणाले, "काय?"
मी मोठ्यानं म्हटलं.
हमालांनी वळून पाहिलं.
"हा टू वेगळा," सर म्हणाले.

हा टू म्हणजे नुसतं 'कडे'.
भुसावळकडे, बागेकडे, तिच्या माहेराकडे.
कोणाकडे जायचं तर क्रियापदानंही
धुतलेला सदरा घालावा,
नाम होऊन जावं.

पण हिअरिंग म्हटलं की आमच्याकडे तारीख.
बांधाची, सातबाऱ्यावरच्या नावाची.
रावेरला तहसिलीत साहेब दौऱ्यावर असतात,
आपण निंबाखाली डबा खातो
आणि पुढची तारीख घेऊन घरी येतो.
हे लिहू मस्कतला?
सर हसले. ऐकू आलं असेल,
नाहीतर तोंडावरून ओळखलं असेल.

मी आयएनजी लावलं. पाठवलं.
रात्री उत्तर: पेट्या मिळतील तेव्हा कळवतो,
लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.
मीही काही बोलले नाही.

एक मात्र डोक्यातून जात नाही.
ते पुढे बघतात, आपण वाट बघतो.
कोणी येत नसलं तरी वाट तरी असते बघायला,
धूळ असते, एखादं कुत्रं आडवं जातं.
पुढे काहीच नसलं
तर ते काय बघत असतील?

विचारणार होते, पुढच्या कापणीला.
सर आले, खुर्ची ओढून बसले, म्हणाले, लिही.
हेमांगीला, पर्थला.
इंग्रजीत लिही, नातीलाही वाचता यावं.
घड बरे पडले. करप्या आटोक्यात.
विहिरीला पाणी आहे.
दर रविवारी फोन करते, करू नको म्हणावं.
कानातल्या मशिनची शिट्टी वाजते नुसती,
मी हो हो म्हणतो,
कशाला हो म्हटलं ते मग दिवसभर आठवत बसतो.

शेवटची ओळ मी न विचारता टाइप केली,
या वेळी बरोबर.
सर वाकले. बराच वेळ वाचलं.
मग बोट ठेवलं स्क्रीनवर, चिकानं काळं पडलेलं:
"हिअर खोड.
तिथं रीड घाल.
आयएनजी राहू दे."